टाके कुणाच्या पोटावर

नीरा आणि भीमा जिथं मिळतात, त्या संगमावर आमचं नरसिंहपूर. लक्ष्मी-नरसिंह हे लांबलांबच्या लोकांचं कुलदैवत. लहानपणी देवळात नवस कानावर यायचे. जो तो पोरगा मागायचा. पोरगी मागितलेली मी कधी ऐकली नाही.

माझ्या आईची नऊ बाळंतपणं झाली, जगलो आम्ही सहा. किती पोरं हवीत, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिकडं मुंबईत रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1921 सालीच संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. आमच्याकडं ती गोष्ट पोचली ती भीती होऊनच. 1976 साली, आणीबाणीत, मी सोळा वर्षांचा होतो. नसबंदीची गाडी आली अशी नुसती आवई उठली तरी गडीमाणसं उसात शिरायची. त्याच साली राज्याच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून त्याचा कायदा झाला नाही.

आणीबाणी गेली, भीती राहिली. नसबंदी केली की गड्याला पोतं उचलत नाही, असं जो तो म्हणायचा. मग टाके बायकांच्या पोटावर आले. आमच्या घरीही तेच. दोन मुलींवर मुलगा झाला, तेव्हा आईनं आपरेशनला होकार दिला. कारभारणीला मी विचारलंच नाही. नर्सबाई म्हणाल्या, "दादा, तुमचं सोपं असतं, तुम्हीच करा की." मी मान खाली घातली. पुढं कारभारीण खुरपायला जायची, ती ओटीपोट धरून. पाण्याचे हंडे मात्र तिला चुकले नाहीत.

1992-93 च्या पाहणीत राज्यात बाईमागं सरासरी तीनच्या आसपास मुलं होती, 2019-21 ला 1.7 झाली. पोरी शिकल्या, लग्नं उशिरा झाली, बाई बोलायला लागली, म्हणून हे झालं. पण पोरगा पाहिजेच, हे मनातून गेलं नाही. पोटातलं बाळ मुलगा की मुलगी हे तपासायला राज्यानं 1988 सालीच कायद्यानं बंदी घातली. तरी सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं 1991 ला 946 मुली होत्या, त्या 2011 ला 894 झाल्या. आता तिशी उलटलेली पोरं बिनलग्नाची पारावर बसलेली दिसतात. आपणच पेरलं ते उगवलं.

आपरेशनही अजून बाईच्याच वाट्याला. राज्यात शंभर लग्न झालेल्या बायकांत जवळपास पन्नास जणींचं झालेलं असतं, नवऱ्यांचं शंभरात एकाचंही नाही.

माझी थोरली बारामतीला असते. तिला एकच मुलगी. "बास," ती म्हणाली आणि जावयांनी स्वतःची नसबंदी करून घेतली. पुढच्या सुगीला ते आमच्याकडं आले आणि गव्हाची पोती खांद्यावरून घरात आणून टाकली. कारभारणीनं एकदा माझ्याकडं बघितलं. बोलली काही नाही. मीच उठून तिच्या हातातला हंडा घेतला.