सुप्याचा बाजार आणि मोबाइलमधलं कर्जखत

आजची गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची आहे, पण मला ती आठवली एका फोनमुळे.

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला मावसभावाचा फोन आला. त्याने एका अ‍ॅपवरून दहा हजारांचं कर्ज घेतलं होतं. खात्यात आले सात हजार, आणि फेडायचे मात्र पूर्ण दहा, तेही पंधरा दिवसांत. मी विचारलं, "अरे, अटी वाचल्या होत्यास का?" तो म्हणाला, "दादा, कोण वाचतं? खाली 'मान्य आहे' होतं, दाबलं."

आता चला १८७५ मध्ये. पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव, १२ मे, बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरा-दुकानांवर चालून गेले. त्यांना हवी होती कर्जखतं आणि चोपड्या. ती हाती लागली की बाहेर आणून पेटवायची! सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले, तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. हे लोण पुढे नगर जिल्ह्यातही पोचलं. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात.

राग कागदावरच का? अमेरिकेतल्या यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, इंग्लंडला तिकडचा कापूस मिळेना. आपल्या कापसाला भाव आला आणि सावकार हात सैल सोडून उधार देऊ लागले. युद्ध संपलं, भाव पडला, उधारी आटली. त्यात सरकारने शेतसारा वाढवला. १८५९ च्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आणली होती. हेतू चांगला होता, व्याज साचू नये. पण सावकाराने पळवाट काढली. दर तीन वर्षांनी नवं खत, जुनं व्याज मुद्दलात जमा. हातात पडलेल्या रकमेपेक्षा मोठा आकडा कागदावर असायचा. शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, तो अंगठा द्यायचा. आणि कोर्ट कागदच खरा मानायचं.

सरकारने दंगे मोडले, पण चौकशी आयोगही नेमला. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. आता न्यायाधीश खताच्या मागे जाऊन विचारू शकत होता, "मूळ पैसे दिले किती?" शेतकऱ्याचं खत ग्रामनिबंधकासमोर करायचं. पैसे फेडले की पावती मागायचा हक्क. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद. न्यायमूर्ती रानड्यांनी पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं.

गरिबी काही त्या कायद्याने गेली नाही. सावकारही उरलेच. पण कागदावर अंगठा आहे म्हणून व्यवहार खरा, हे गृहीतक तिथे मोडलं.

आता परत मावसभावाकडे. आज अंगठा तोच आहे, फक्त शाईऐवजी स्क्रीनवर. आणि हक्कही आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देण्याआधी तुम्हाला कळेल अशा भाषेत एक तक्ता द्यावा लागतो. सगळे आकार धरून वर्षाला किती टक्के पडतात, ते त्यात हवं. त्यात नसलेला आकार तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही. अ‍ॅपला तुमच्या फोनमधले नंबर चाळायची परवानगी नाही. नोंदणीच नसलेलं अ‍ॅप असेल, तर 'सचेत' पोर्टलवर तक्रार करा. धमक्या आल्या तर १९३० वर फोन लावा.

आम्ही दोघांनी त्या रात्री बसून तक्रार भरली. निकाल अजून यायचाय. पण मावसभाऊ म्हणाला, "हे आधी कुणी सांगितलं असतं तर?" म्हणूनच हा भाग केला. सुप्याच्या शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, आपल्याला येतं. मग बटण दाबण्याआधी दोन मिनिटं थांबा, आणि घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

भेटू पुढच्या भागात!