80 हर्ट्झचा पूर्वेतिहास

होम थिएटरच्या रिसिव्हरचा मेन्यू उघडला की ‘क्रॉसओव्हर’ ही ओळ दिसते आणि तिच्यापुढे बहुधा 80 हर्ट्झ हा आकडा आधीच भरलेला असतो. त्याच्या खालचा खर्ज सबवूफरकडे जातो, वरचा आवाज बाकीच्या स्पीकरकडे. पुष्कळ जण हा आवडीनिवडीचा प्रश्न समजून आकडा वरखाली करतात. मला ते पटत नाही. दोन वेगळ्या स्पीकरमधला सांधा कानाला कळू नये म्हणून सिनेमाच्या तंत्रज्ञांनी जवळपास साठ वर्षे खटपट केली आणि त्या खटपटीतून हा आकडा आला. मर्यादा कानाच्या होत्या. तंत्रज्ञांनी फक्त त्या शोधून काढल्या.

एकाच स्पीकरने खर्जापासून तारस्वरापर्यंत सगळे नीट वाजत नाही, हे बोलपटांच्या पहिल्या काही वर्षांतच कळून चुकले होते. 27 एप्रिल 1933 रोजी बेल लॅबोरेटरीजने फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तारांवरून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये ऐकवला, तेव्हा खर्जाचे भोंगे वेगळे होते आणि वरच्या स्वरांचे वेगळे. पण काम वाटून दिले की सांधा आला, आणि सांध्याबरोबर नवी दुखणीही आली. एमजीएम स्टुडिओत एलेनॉर पॉवेल या नर्तिकेच्या टॅप नृत्याचे ध्वनिमुद्रण अशा दुहेरी यंत्रणेवर लावले, तर बुटाच्या प्रत्येक ठोक्यामागून दुसरा ठोका ऐकू येऊ लागला. मुद्रणात काहीच बिघाड नव्हता. खर्जाचा घडी घातलेला भोंगा वरच्या भोंग्यापेक्षा कित्येक फुटांनी लांब होता आणि ध्वनी एका मिलिसेकंदात जेमतेम 34 सेंटिमीटर जातो. त्यामुळे टाचेच्या एकाच आघाताचे दोन तुकडे श्रोत्यापर्यंत मागेपुढे पोचत. तिथल्या जॉन हिलियर्ड आणि डग्लस शीअरर यांच्या चमूने खर्जाचा भोंगा आखूड करून हे अंतर मिटवले. ‘शीअरर हॉर्न’ नावाने ओळखल्या गेलेल्या त्या यंत्रणेला 1936 सालचे अकादमीचे तांत्रिक पारितोषिक मिळाले. पुढे हिलियर्ड आल्टेक कंपनीत गेले आणि 1940च्या दशकातल्या तिथल्या ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ स्पीकरांनी सांधा 500 हर्ट्झच्या आसपास ठेवला. खर्जाचा आणि वरचा असे दोन्ही भोंगे पडद्यामागे एकाच जागी उभे असत, म्हणून एवढ्या वरचा सांधा खपून जाई.

सबवूफर मात्र वेगळ्या जागी बसतो आणि खरा पेच तिथे आहे. 1974च्या ‘अर्थक्वेक’साठी युनिव्हर्सलने ‘सेन्सराउंड’चे अजस्र खर्ज-स्पीकर थिएटरांत मांडले. 1977 साली ‘स्टार वॉर्स’च्या 70 मिलिमीटर प्रतींत खर्जासाठी जादा ध्वनिपट्टे आले. त्याच सुमारास, 1976 मध्ये, झीगफ्रीड लिंकविट्झ यांनी सांधा घालण्याची एक नवी रीत प्रसिद्ध केली. तीत सांध्याच्या जागी दोन्ही स्पीकर 6 डेसिबलने खाली येतात, पण एकाच वेळी पुढेमागे हलत असल्यामुळे दोघांची बेरीज सपाट राहते. टॉमलिन्सन होल्मन यांनी लुकासफिल्मसाठी टीएचएक्स या थिएटर-ध्वनीच्या मानकाची आखणी केली ती याच रीतीच्या पायावर, आणि 1983 साली ‘रिटर्न ऑफ द जेडाय’बरोबर ती थिएटरांत आली. 1990च्या सुमारास हीच व्यवस्था घरात न्यायची वेळ आली, तेव्हा विचारण्यासारखा प्रश्न एकच होता: कोपऱ्यातला सबवूफर कुठल्या आकड्याखाली कानाला सापडत नाही? कसलेल्या श्रोत्यांनाही दिशा सांगता येऊ नये इतकी सुरक्षित मर्यादा होल्मन यांनी 80 हर्ट्झ धरली. 80 हर्ट्झची लहर सव्वाचार मीटरहून लांब असते. माणसाचे डोके तिच्यापुढे इतके लहान आहे की दोन कानांवर पडणाऱ्या आवाजात फारसा फरक उरत नाही.

यावर पहिला आक्षेप मोठे उभे स्पीकर बाळगणाऱ्यांचा. आमचे स्पीकर 35 हर्ट्झपर्यंत उतरतात, मग त्यांचा खर्ज का कापायचा? आक्षेप वजनदार आहे, पण तो खोलीला विसरतो: खोलीत खर्ज कसा ऐकू येईल ते स्पीकरच्या जागेवर ठरते. पडद्याशेजारची जी जागा संवादासाठी योग्य, तीच खर्जासाठी योग्य असेल असे नाही. सबवूफर मात्र हवा तिथे सरकवता येतो. शिवाय तेवढ्याच आवाजासाठी स्वर एक सप्तक खाली गेला की स्पीकरच्या शंकूला चौपट हलावे लागते. ते ओझे उतरले की मोठा स्पीकरही मधल्या पट्टीत मोकळा होतो. दुसरा आक्षेप असा की हा आकडा अखेर एका कंपनीचा. तो अंशतः खरा आहे. 70 किंवा 90 ठेवल्याने अनर्थ होत नाही. पण वरची हद्द कंपनीने आखलेली नाही. पुरुषांच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण 85 हर्ट्झपासून सुरू होतो. सांधा 120 किंवा 150वर नेला की नायकाचा आवाज पडदा सोडून कोपऱ्यातून घुमू लागतो. अगदी छोट्या स्पीकरांना तेवढा वरचा आकडा लागतोच, पण मग सबवूफर पडद्याजवळच हवा.

एक घोटाळा तेवढा टाळावा. मेन्यूत 120 हर्ट्झचा आणखी एक आकडा असतो. तो 5.1 ध्वनीतल्या स्वतंत्र खर्जपट्टीचा आहे, त्याचा या सांध्याशी संबंध नाही. तो आहे तिथेच राहू द्या. बाकी सगळे स्पीकर ‘स्मॉल’वर टाका, म्हणजे त्यांचा खर्ज सबवूफरकडे जाईल; 80वर थांबा आणि पुरुषी आवाजाचा एखादा शांत संवाद लावा. आवाज सबवूफरकडून येतोय असे वाटले तर आकडा खाली आणा.