रोझेशिया : न ओसरणाऱ्या लालीचे पथ्यपाणी

गालांवरची लाली ही आपल्याकडे आरोग्याची आणि लज्जेची खूण मानली जाते. मात्र ही लाली ओसरेनाशी झाली, तिच्यासोबत चेहऱ्याची आग होऊ लागली आणि बारीक पुटकुळ्या उठू लागल्या, तर ते ‘रोझेशिया’ या जीर्ण त्वचाविकाराचे लक्षण असू शकते. हा विकार संसर्गजन्य नाही आणि जिवावर बेतणाराही नाही. तो समूळ बरा होत नसला, तरी उत्तम प्रकारे आटोक्यात ठेवता येतो. आपल्याकडची खरी अडचण आहे ती त्याची ओळख उशिरा पटण्याची आणि तोवर भलतेच मलम चेहऱ्यावर चोळले जाण्याची.

ओळख कशी पटावी?

रोझेशिया साधारणतः तिशीनंतर सुरू होतो. स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. गाल, नाक, हनुवटी आणि कपाळाचा मध्यभाग या त्याच्या नेहमीच्या जागा. आरंभी चेहरा अधूनमधून तापतो व लाल होतो. पुढे लाली कायमची वस्तीला येते, सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दिसू लागते आणि पुटकुळ्या येतात. त्या मुरुमांसारख्या दिसतात. परंतु मुरुमांत हमखास आढळणारे काळे व पांढरे खिळे रोझेशियात नसतात. काही रुग्णांत, विशेषतः पुरुषांत, नाकाची त्वचा जाड व गाठाळ होते.

हा गोऱ्या युरोपीय लोकांचा आजार, असा समज बराच काळ होता. प्रत्यक्षात सावळ्या त्वचेवर लाली झाकली जाते, एवढाच फरक. अशा वेळी डोळ्यांपेक्षा जाणिवेवर विसंबावे. चेहरा वारंवार गरम होणे, साधी क्रीमही झोंबणे, त्वचा कोरडी व खरखरीत भासणे, या तक्रारी त्वचारोगतज्ज्ञाला आवर्जून सांगाव्यात. गालांवरील लालीसोबत सांधेदुखी, ताप किंवा केस गळणे असेल, तर ‘ल्युपस’ या वेगळ्या विकाराची तपासणी करणे अगत्याचे ठरते.

कारणे आणि गैरसमज

रोझेशियाच्या मुळाशी त्वचेची जन्मजात संरक्षणयंत्रणा आणि तिथल्या रक्तवाहिन्या व चेतातंतू यांची अतिसंवेदनशीलता असते. अनुवंशिकतेचाही वाटा असतो. ‘डेमोडेक्स’ नावाचे सूक्ष्म कीटक प्रत्येक प्रौढाच्या चेहऱ्यावर थोड्याफार प्रमाणात असतात. रोझेशियाच्या रुग्णांत ते अधिक संख्येने आढळतात आणि दाह वाढवतात. याचा अस्वच्छतेशी संबंध नाही. उलट, चेहरा पुन्हापुन्हा साबणाने धुतल्याने त्रास वाढतो.

दुसरा गैरसमज मद्यपानाचा. मद्यामुळे लाली भडकते हे खरे; पण मद्याला कधीही न शिवलेल्यांनाही रोझेशिया होतो. तरीही लाल, फुगलेल्या नाकाच्या माणसाकडे समाज संशयाने पाहतो आणि रुग्ण चारचौघांत जाणे टाळू लागतो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात दोमेनिको गिरलांदायो या इटालियन चित्रकाराचे १४९० च्या सुमाराचे एक चित्र आहे. त्यातील वृद्धाचे नाक असेच गाठाळ झालेले आहे आणि त्याच्या कुशीतला मुलगा त्याच्याकडे निर्व्याज मायेने पाहतो आहे. रुग्णाच्या घरच्यांनी घ्यावी अशी ही दृष्टी आहे.

स्टेरॉइडचा सापळा

लाली दिसली की औषधांच्या दुकानातून एखादी ट्यूब आणणे, ही शहरी घरांतली सर्रास आढळणारी सवय. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी स्टेरॉइडे असलेली ही मलमे रक्तवाहिन्या आकुंचित करतात. त्यामुळे चार दिवसांत चेहरा उजळ व नितळ दिसतो. पण वापर लांबला की त्वचा पातळ होते, आणि मलम थांबवताच लाली, आग व पुटकुळ्या दुप्पट वेगाने परततात. रुग्ण घाबरून पुन्हा तीच ट्यूब उघडतो. मूळचा रोझेशिया यात बळावतोच. शिवाय ज्यांना तो नव्हता त्यांनाही तशीच लक्षणे जडतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा अनेक स्टेरॉइड मलमांचा समावेश ‘परिशिष्ट एच’मध्ये करून त्यांच्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक केली. गोरेपणासाठी वा डाग घालवण्यासाठी कोणी सुचवलेल्या ट्यूबवरील घटकांची नावे म्हणूनच वाचावीत. मलमाची सवय लागलीच असेल, तर ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली सोडवावी.

रोजचे पथ्य

ऊन हा सर्वांत मोठा शत्रू. घराबाहेर पडताना किमान ‘एसपीएफ ३०’चे, शक्यतो झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले सनस्क्रीन लावावे, छत्री वा टोपी वापरावी. चेहरा कोमट पाण्याने, सौम्य क्लीन्झरने धुवावा आणि लगेच गंधरहित मॉइश्चरायझर लावावे. लिंबाचा रस, टूथपेस्ट, स्क्रब, ब्लीच, वाफ आणि फेशियल यांपासून दूर राहावे.

उष्णता आणि मिरचीचा तिखटपणा यांची जाणीव त्वचेतील एकाच प्रकारच्या ग्राहींमार्फत होते. म्हणून कडकडीत चहा आणि झणझणीत रस्सा या दोहोंनी चेहरा पेटू शकतो. चहा-कॉफी सोडण्याची गरज नाही, ती कोमट करून प्यावी. शेगडीजवळ काम करताना खिडकी उघडी ठेवावी, पंखा चालू ठेवावा. मात्र प्रत्येकाची कारणे वेगळी असतात. महिनाभर रोजचा आहार, ऊन, व्यायाम, ताण आणि त्या दिवशीची लाली यांची नोंद ठेवल्यास नेमके काय टाळायचे ते कळते आणि बाकीचे आनंदाने खाता येते.

उपचार

पुटकुळ्यांसाठी मेट्रोनिडाझोल, अझेलिक आम्ल किंवा आयव्हरमेक्टिन यांची मलमे दिली जातात. परिणाम दिसण्यास सहा ते बारा आठवडे लागतात, तेव्हा धीर सोडू नये. दाह अधिक असल्यास डॉक्सिसायक्लिन अल्प मात्रेत देतात; ते गर्भवतींना चालत नाही. ब्रिमोनिडिन जेलने लाली काही तासांपुरती कमी होते, मात्र काहींमध्ये ती नंतर उसळी घेते. फुगलेल्या रक्तवाहिन्यांवर लेसर उपयोगी पडतो, तर जाड झालेल्या नाकाला शस्त्रक्रियेने आकार देता येतो.

डोळ्यांकडे दुर्लक्ष नको. अनेक रुग्णांना डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे, पापण्यांच्या कडा लाल होणे, वारंवार रांजणवाडी येणे असे त्रास होतात, कधी त्वचेवर काही दिसण्याआधीच. पापण्यांची स्वच्छता व कोमट पाण्याच्या घडीचा शेक यांनी आराम पडतो. परंतु डोळा दुखू लागला, प्रकाश सहन होईना किंवा अंधूक दिसू लागले, तर विनाविलंब नेत्रतज्ज्ञ गाठावा; बुबुळावरील पारदर्शक पटलाला सूज आल्यास दृष्टीला धोका पोहोचू शकतो.

मधुमेह किंवा रक्तदाबाप्रमाणे रोझेशियाही सांभाळावा लागतो. वेळीच निदान, सातत्याचे उपचार आणि स्वतःचे पथ्य या तीन गोष्टी पाळणाऱ्यास या विकारामुळे चेहरा लपवून जगण्याची वेळ येत नाही.