घर कोठे बांधावे? १८१९ चे धुळे आणि एका नव्या पेठेचे आमंत्रण

बोदवडच्या रहिवाशाचे जिल्ह्याचे ठिकाण आज जळगाव आहे. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तोपर्यंत हे ठिकाण धुळे होते. पांझरेकाठच्या या गावाला जिल्ह्याचे ठिकाण करण्याचा निर्णय झाला, तेव्हा तेथे माणसे फारच थोडी होती. ती बोलावून आणावी लागली. हा थ्रेड त्या बोलावण्याविषयी आहे, आणि ते ऐकून बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबापुढे उभ्या राहिलेल्या प्रश्नाविषयी : नव्या गावात घर नेमके कोठे बांधायचे?

प्रथम थोडे मागे जाऊ. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला आणि पाठोपाठ दुष्काळ आला. १८०३ साली धुळे संपूर्ण ओस पडले. अर्धे किंवा बहुतांश नव्हे, संपूर्ण. त्याआधी हे गाव लळिंगच्या अधिकाराखाली होते. पुढच्याच वर्षी बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवले. पेशव्यांनी धुळे विंचूरकरांना दिले होते आणि बाळाजी बळवंत हे विंचूरकरांच्या आश्रयातले. या कामगिरीबद्दल त्यांना इनाम जमीन आणि इतर हक्क मिळाले. पुढे सोनगीर आणि लळिंग या मुलुखाचा कारभारही त्यांच्याकडे आला आणि तो त्यांनी धुळ्यातूनच चालवला. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल बसला, तेव्हा हे पुनर्वसित गाव जेमतेम चौदा वर्षांचे होते.

म्हणजे १८१९ साली धुळ्यात चाळिशी ओलांडलेल्या अनेकांनी तरुणपणी खानदेशात गावे ओस पडताना पाहिली असणार. घराची जागा निवडताना ही आठवण बाजूला ठेवता येत नाही. भिंती मागे टाकून निघून जावे लागते हे ज्याला ठाऊक आहे, तो भिंतींवर पैसा घालताना दहा वेळा विचार करतो.

अशा वेळी कॅप्टन जॉन ब्रिग्ज खानदेशचा कारभारी म्हणून आला. फिरिश्ताच्या फार्सी इतिहासाचे इंग्रजी भाषांतर करणारा ब्रिग्ज तो हाच. त्याने धुळे हे मुख्य ठिकाण निवडले. जागा मध्यवर्ती होती आणि दक्षिणेतून उत्तर हिंदुस्तानात जाणारी वाट तेथून जात होती. त्याने केलेले गावाचे वर्णन मोठे बोलके आहे : बागायतीने वेढलेले, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला पाट, या दोहोंमध्ये कोंडलेले लहानसे गाव. वस्ती २,५०९ माणसांची, घरे ४०१.

कचेऱ्या बांधायला कारागीर दूरदूरच्या गावांहून आणावे लागले. मग व्यापाऱ्यांना आणि इतरांना आमंत्रण गेले. त्याच्या अटी नीट पाहण्याजोग्या आहेत. घरासाठी जागा मिळेल आणि तिच्यावर कधीही भाडे आकारले जाणार नाही. पक्के घर बांधायला सरकारकडून आगाऊ रक्कमही मिळेल. तीही केवळ बाहेरून येणाऱ्यांना नाही, तर जुन्या रहिवाशांनाही.

यात ब्रिग्जची कल्पकता किती? ती होती, परंतु वाटते तितकी नाही. मराठी राज्यात पेठ वसवण्याची पद्धत जुनीच होती. नव्या पेठेत येणाऱ्या उदमी-व्यापाऱ्यांना कौल दिला जाई, काही वर्षे कर माफ होत आणि पेठ उभी करणाऱ्याला शेटे-महाजनकीचे वतन मिळे. पडीक जमिनीसाठी इस्तावा असे, म्हणजे सारा पहिल्या वर्षी अल्प आणि पुढे दरसाल चढता. पुण्याच्या पेठा अशाच सवलतींच्या बळावर भरल्या. बाळाजी बळवंतांनी धुळे वसवले, तेही याच परंपरेत. इंग्रजी अंमलातील ‘नवे धुळे’ जुन्याच व्यवहारज्ञानावर उभे राहिले. फरक आहे तो मुदतीचा. कौलाची सवलत ठरावीक वर्षांनी संपे. ब्रिग्जची कायमची होती. नव्या सत्तेवर कोणाचा विश्वास बसलेला नसताना तिला जास्त द्यावे लागले, असा त्याचा सरळ अर्थ दिसतो. भिल्लांचे उठाव चालू होते, वाटा सुरक्षित नव्हत्या आणि हे सरकार किती वर्षे टिकेल हे कोणी सांगू शकत नव्हते.

आता एखाद्या व्यापारी कुटुंबाच्या बाजूने पाहू. त्याच्यापुढे ढोबळमानाने दोन पर्याय होते. पहिला जुन्या धुळ्याचा. तेथील घरे वेडीवाकडी, बहुतेक गरिबीची आणि एकमेकांना चिकटलेली. परंतु शेजार ओळखीचा. सोयरिक, उधारी आणि अडीनडीची मदत या तिन्ही गोष्टी शेजारावर चालत. दुसरा पर्याय नव्या पेठेचा. तेथे जागा मोकळी, रस्ता सरळ आणि कचेरी जवळ. शेजारी मात्र कोण येईल हे अनिश्चित. जागा फुकट मिळत असली, तरी अनोळखी शेजाराची जोखीम ज्याची त्याने घ्यायची होती.

आगाऊ रक्कम जुन्या रहिवाशांनाही देण्याचा निर्णय येथे महत्त्वाचा ठरतो. ती केवळ नवागतांना मिळाली असती, तर नवी पेठ ही परक्यांची वसाहत झाली असती आणि ओळखीचा शेजार हवा असलेला कोणीही तिकडे फिरकला नसता. जुने लोकही पेठेत घर बांधू लागले की येणाऱ्याला तेथे एखादा तरी ओळखीचा उंबरठा सापडतो.

पाण्याचा प्रश्न कागदांत फारसा येत नाही, कारण पाणी भरणारी माणसे कागद लिहीत नसत. परंतु नदी आणि पाट यांच्यामध्ये कोंडलेल्या गावात घर निवडताना तोच पहिला असणार. पांझरेच्या खोऱ्यात बंधाऱ्यांवरून पाट काढून फड पद्धतीने शेती भिजवण्याची रीत जुनी आहे. नदीजवळ राहिले तर घागर जवळ, पण पूरही जवळ. खानदेशातील सामान्य घर मातीच्या भिंतींचे आणि धाब्याचे. पावसाला ते तोंड देते. पायाशी दोन दिवस पाणी साचले की बसते.

ही निवड सर्वांना खुली नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. मराठी मुलखात अस्पृश्य मानलेल्या जातींची वस्ती गावाबाहेर ठरलेली असे. ‘कोठे राहावे’ हा त्यांच्यासाठी प्रश्नच नव्हता, उत्तर आधीच देऊन टाकलेले होते. फुकट जागेचे आमंत्रण ‘व्यापाऱ्यांना आणि इतरांना’ होते. त्या ‘इतरां’त सगळे येत नव्हते, असे समजणेच इतिहासाला धरून होईल.

पेठ भरली का? १८६३ मध्ये धुळ्याची वस्ती दहा हजारांवर गेली होती. १८७२ च्या गणनेत ती १२,४८९ झाली आणि घरे २,६२०. या आकड्यांचा एक साधा भागाकार करून पाहावा. १८१९ मध्ये एका घरामागे सहाहून अधिक माणसे पडतात, १८७२ मध्ये पाचाहून कमी. माणसे पाचपट झाली आणि घरे साडेसहापट. मोजणीच्या पद्धती निराळ्या असतील, हे मान्य. तरीही दाटीवाटीने राहणारे गाव पसरू लागले, एवढे म्हणता येते. अर्थात श्रेय केवळ ब्रिग्जच्या सवलतींना देणे चूक ठरेल. गावाला खरे महत्त्व आले ते पुढे, कापूस आणि जवस यांच्या व्यापाराने.

समाजमाध्यमांवर दरवर्षी फिरणाऱ्या एका दाव्याबद्दलही येथे बोलले पाहिजे. धुळ्याच्या सरळ, क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी आखल्या, असे सांगितले जाते. विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले १८८४ साली. नोकरीच्या आरंभी ते धुळे भागात होते आणि पांझरेच्या एका पाटावरील वक्रनलिकेचे काम त्यांनी केले, हे खरे. पण नव्या पेठेसाठी जागा वाटल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या जन्माला चाळीस वर्षे अवकाश होता. पाटाचे श्रेय त्यांना जरूर द्यावे. पेठेचा आरंभ मात्र त्यांच्या आधीचा.

१८७२ हे गणनेचे वर्ष धुळ्याला आणखी एका कारणाने आठवते. त्या वर्षी पांझरेला मोठा पूर आला आणि घरांचे, मालमत्तेचे फार नुकसान झाले. कोणत्या कुटुंबाने पन्नास वर्षांपूर्वी कोणती जागा पत्करली होती, त्याचा हिशेब एका पुरात पुढे आला. या वेळी मात्र गाव ओस पडले नाही.

तोवर पूर्वेकडे निराळाच प्रश्न उभा राहिला होता. भुसावळहून बोदवडमार्गे जाणारी आगगाडी १८६७ मध्ये नागपूरला पोचली. बोदवडच्या व्यापाऱ्याला आता नव्या जागी जायचे झाले, तर त्याच्यापुढे जळगाव होते, भुसावळ होते आणि रुळांवरचे प्रत्येक स्थानक होते. धुळे या मुख्य मार्गापासून दूर राहिले. चाळीसगावहून तेथे फाटा पोचला तो १९०० साली. सहा वर्षांनी जिल्हा दुभंगला आणि बोदवडचे कचेरीचे कागदही आगगाडीच्याच वाटेवरील जळगावला जाऊ लागले.