कोरियांतील गृहचित्रें व त्यांचें वाचन

१. कोरियांत जोसॉन घराण्याच्या अमलांत (इ. स. १३९२–१९१०), विशेषतः त्याच्या उत्तरकाळांत, घरांच्या दारांवर, भिंतींवर व घडीच्या पडद्यांवर जीं चित्रें लाविलीं जात, त्यांस आज ‘मिन्ह्वा’ म्हणजे लोकचित्रें असें म्हणतात. हीं चित्रें बहुधा निनांवी व मितिरहित असल्यामुळें शोभेच्या वस्तु यापलीकडे त्यांचा विचार पुष्कळदां होत नाहीं. वस्तुतः तीं वाचावयाचीं चित्रें होत. आणि तीं घराच्या कोणत्या भागांत व कोणत्या प्रसंगीं लाविलीं जात हें कळल्यावांचून त्यांचा पुरता अर्थ लागत नाहीं. हें साधार दाखवावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. प्रथम नांवाचा विचार करूं. जपानी कलामीमांसक यानागी मुनेयोशि (१८८९–१९६१) यांनीं १९२४ सालीं सोल येथील राजवाड्याच्या आवारांत कोरियन लोककलेचें संग्रहालय उघडलें. ‘लोकचित्र’ ही संज्ञा त्यांच्याच लिखाणानें रूढ झाली. लोकांत उपजलेलें, लोकांनीं काढलेलें व लोकांच्या वापरांतलें चित्र, असा त्यांच्या व्याख्येचा आशय आहे. व्याख्या सुटसुटीत खरी. परंतु समकालीन पुरावा तींत मावत नाहीं. होंग सक्मो याच्या इ. स. १८४९ मधील वार्षिक सणाचारांच्या ग्रंथांत असें आहे कीं, नववर्षाच्या प्रारंभीं सरकारी चित्रशाळा दीर्घायुष्याच्या देवतेचीं व द्वाररक्षक सेनापतींचीं चित्रें राजास सादर करी, आणि सामान्य लोक कोंबडा व वाघ यांचीं चित्रें भिंतीवर चिकटवून अरिष्ट टाळीत. इ. स. १८४४ मधील राजधानीच्या वर्णनपर काव्यांत ग्वांगतोंग पुलाजवळच्या चित्रविक्रीचा उल्लेख आहे. राजवाडा, बाजार व घर अशा तिन्ही ठिकाणीं ही परंपरा नांदत होती, हें यावरून स्पष्ट होतें.

३. आतां स्थानाचा विचार. घरधन्याच्या बाहेरच्या खोलींत ग्रंथांचीं व नीतिपर अक्षरांचीं चित्रें शोभत. स्त्रियांच्या आंतल्या खोलींत फुलें-पांखरें, चक्रवाकासारखीं जोडीनें राहणारीं बदकें व मासे असत. त्यांत दांपत्यप्रेम व संततीची इच्छा व्यक्त होई. डाळिंबाचे दाणे म्हणजे पुष्कळ पुत्र. विवाहप्रसंगीं पिओनी नामक मोठ्या फुलांचा पडदा मांडीत; तें फूल संपत्ति व मान यांचें चिन्ह होय. सूर्य, मेघ, पर्वत, जल, पाषाण, देवदार, क्रौंच, हरिण, कासव व अमरत्व देणारें अळंबें अशीं दहा दीर्घायुष्याचीं चिन्हें असलेले पडदे वडील माणसांस आयुष्य चिंतीत. ज्या कुटुंबास पितरांचें देवघर बांधण्याचें सामर्थ्य नसे, तें देवघराचें चित्रच टांगी, त्यावर पितराच्या नांवाचा कागद लावी, व विधि आटोपल्यावर चित्र गुंडाळून ठेवी. येथें चित्र हें शोभा नसून प्रत्यक्ष वास्तु आहे.

४. वाचनाचा खरा प्रकार अक्षरचित्रांत दिसतो. पितृभक्ति, बंधुप्रेम, राजनिष्ठा, विश्वास, शिष्टाचार, न्याय, निःस्पृहता व लज्जा या आठ गुणांचीं चिनी अक्षरें आठ पटांवर काढीत. पितृभक्तीच्या अक्षरांत मासा व वेळूचा कोंभ गुंफलेला असतो. आईसाठीं बर्फावर निजून मासा मिळविणाऱ्या व हिंवाळ्यांत रडून कोंभ उगवविणाऱ्या पुत्रांच्या चिनी कथा ज्यास ठाऊक, त्यास तो मासाच अक्षराची टीका होय. उत्तरकालीन प्रतींत चित्रें वाढत जाऊन अक्षराच्या रेघा त्यांत लोपतात. वाघ व मैना-कावळ्यासारखा मॅगपाय पक्षी यांच्या प्रसिद्ध चित्राची कथाहि अशीच आहे. मूळच्या चिनी चित्रांत वाघाऐवजीं चित्ता होता, कारण चिनी भाषेंत ‘चित्ता’ व ‘वार्ता’ यांचे उच्चार सारखे. पक्षी हर्षाचा सूचक, म्हणून दोहों मिळून ‘हर्षवार्ता’. कोरियांत चित्त्याच्या जागीं वाघ आला, श्लेष नाहींसा झाला, आणि वाघ अरिष्ट हांकणारा व पक्षी शुभवार्ता आणणारा असा नवा अर्थ रूढ झाला. पोथीच्या नकलांत पाठभेद होऊन त्यासच नवा अर्थ चिकटावा, तसाच हा प्रकार.

५. हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष रुचावा असा प्रकार म्हणजे ‘चेक्गॉरी’, अर्थात् ग्रंथ व लेखनसाहित्य यांचीं चित्रें. राजा जंगजो (राज्यकाल १७७६–१८००) यानें इ. स. १७९१ त सिंहासनामागील सूर्य, चंद्र व पांच शिखरें यांच्या पडद्याच्या जागीं ग्रंथचित्रांचा पडदा मांडविला. पुढें हाच विषय घरोघरीं गेला, आणि ग्रंथांच्या राशींशेजारीं डाळिंबें व कलिंगडें येऊं लागलीं. विद्येच्या इच्छेशीं संततीची इच्छा येऊन मिळाली. कांहीं पडद्यांत चित्रकारानें मांडलेल्या वस्तूंतच स्वतःच्या नांवाची मुद्रा लपवून काढली आहे. दरबारी चित्रकार यी ह्यंगनोक् यानें इ. स. १८६४ त आपलें नांव बदलून यी उंगनोक् असें ठेविलें, व पुढें पुन्हां बदलून यी तेग्ग्यून असें केलें. सबब ज्या पडद्यावर ‘यी उंगनोक्’ अशी मुद्रा आहे, तो १८६४ पूर्वींचा असूं शकत नाहीं. मितिरहित साधनांत इतका नेमका पुरावा विरळाच.

६. इ. स. १९६८ त जो जायोंग (१९२६–२०००) यांनीं सोल येथें एमिल्ले संग्रहालय स्थापून या चित्रांचा मोठा संग्रह केला, आणि १९८८ च्या सोल ऑलिंपिकचें चिन्ह म्हणून वाघच निवडला गेला. आज पुष्कळ घरांत या चित्रांच्या नव्या प्रति टांगतात. तें योग्यच आहे. परंतु जुन्या पडद्याचे पट सुटे करून निरनिराळ्या चौकटींत बसविले, म्हणजे आठ गुणांपैकीं एकच हातीं राहतो व वाक्य तुटतें. म्हणून असें साधन हातीं येतांच पटांचा क्रम, मूळ घर व खोली, पडद्याची चौकट आणि पाठीस अस्तर म्हणून लाविलेले जुने कागद यांची नोंद आधीं करावी. रंगांचें कौतुक मागाहून. रंग पुन्हां भरतां येतो. चित्र कोणत्या भिंतीवर होतें ही माहिती एकदां गेली म्हणजे परत येत नाहीं.