परतवारी

आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात काला होतो आणि ज्ञानेश्वर माऊलींची पालखी आळंदीकडे वळते. जाताना अठरा-वीस दिवसांची वाट परतताना सुमारे दहा दिवसांत सरते. टप्पे लांब, चाल झपाझप.

अरफळच्या हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात या पालखी सोहळ्याला दिंड्यांची शिस्त लावली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले. परतवाटेवर मात्र थोडेच उरतात, बहुतेक वारकरी पंढरपुरातूनच एसटी पकडतात. मागे राहून पालखीतल्या पादुका घरी पोचवणाऱ्यांची निष्ठा फारशी कुणी पाहत नाही. ती पाहायला हवी.

आषाढ वद्य दशमीला पालखी आळंदीत येते.

तिकडे गावात वारकरी घरी येतो. दारातच पायांवर तांब्याभर पाणी ओततात, थोरली माणसंही वाकून नमस्कार करतात. पिशवीतून चुरमुरे-बत्तासे निघतात, बुक्क्याची पुडी निघते. टाळ खुंटीला लागतात.