निळ्या दाताची दंतकथा : ब्लूटूथचे नाव आणि त्यामागचा तह

१/
लॅपटॉपच्या पडद्यावर, घड्याळाच्या शेजारी, एक कोनदार निळे चिन्ह असते. हेडफोन जोडायचा असो, माउस जोडायचा असो वा फोनमधील छायाचित्र लॅपटॉपवर घ्यायचे असो, बोट प्रथम तिथेच वळते. हे चिन्ह दहाव्या शतकातील एका डॅनिश राजाच्या आद्याक्षरांचे आहे. राजाचे नाव हाराल्ड, टोपणनाव ‘निळा दात’. एवढे पुष्कळांना ठाऊक असते. त्यापुढे मात्र इतिहास आणि दंतकथा यांचा गुंता सुरू होतो. तो गुंता या धाग्यात सोडवू.

२/
आरंभ राजापासून. गोर्म राजा आणि थिरा राणी यांचा पुत्र हाराल्ड इ.स. ९५८ च्या सुमारास गादीवर आला. डेन्मार्कमधील येलिंग या गावी त्याने आई-वडिलांच्या स्मरणार्थ एक प्रचंड शिळा उभारली. रून लिपीतील तिचा लेख आई-वडिलांचे नाव घेऊन सुरू होतो आणि लगेच पुत्राच्या गौरवाकडे वळतो: संपूर्ण डेन्मार्क व नॉर्वे जिंकणारा आणि डॅनिश लोकांना ख्रिस्ती करणारा तो हाच हाराल्ड. १९९४ पासून हे स्थळ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

३/
इथेच पहिली सावधगिरी हवी. येलिंगची शिळा राजाने स्वतःच लिहवून घेतलेली आहे, म्हणजे ती एक प्रशस्ती आहे. प्रशस्तीतील दिग्विजय इतर साधनांशी ताडून पाहावा लागतो, हे आपल्याकडचे ताम्रपट वाचणाऱ्यास सांगावे लागत नाही. नॉर्वेवरील हाराल्डची सत्ता बव्हंशी हाकोन नावाच्या सरदारामार्फत चाले आणि ती टिकली नाही. मात्र त्याचे सामर्थ्य पोकळ नव्हते. त्याच्या काळातील वर्तुळाकार किल्ले आणि राव्हनिंग येथील सुमारे ७६० मीटर लांबीचा लाकडी पूल हे त्याचे भक्कम पुरावे आहेत.

४/
या ‘एकीकरणकर्त्या’ राजाचा शेवट गृहकलहात झाला. ९८५ च्या आसपास पुत्र स्वेन याने बंड केले आणि परागंदा अवस्थेत हाराल्डचा मृत्यू झाला.
‘निळा दात’ या टोपणनावाचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख रोस्किल्ड येथील बखरीत, ११४० च्या सुमारास येतो. म्हणजे राजाच्या मृत्यूनंतर तब्बल दीडशे वर्षांनी. किडून काळवंडलेला दात, हा एक तर्क. ब्लूबेरी खाऊन दात निळे झाले, ही निव्वळ दंतकथा. तिला समकालीन आधार नाही.

५/
आता हजार वर्षे ओलांडून १९९० च्या दशकातील टेबलाकडे येऊ. त्यावर एक लॅपटॉप, एक मोबाइल फोन आणि त्यांच्यामध्ये वायरींचे जंजाळ. प्रत्येक कंपनीचा फोन वेगळा, त्याची केबल वेगळी, तिचे टोकही वेगळे. वायरीला एक पर्याय होता: अवरक्त किरण. १९९३ साली त्यासाठी ‘इर्डा’ ही संस्था स्थापन झाली आणि लॅपटॉपच्या कडेला छोटी काळी काच दिसू लागली. पण फोन आणि लॅपटॉप समोरासमोर, जेमतेम हातभर अंतरावर, न हलवता ठेवावे लागत. मध्ये चहाचा कप आला तरी संवाद तुटे.

६/
दुसरी वाट स्वीडनमधील लुंड शहरात शोधली जात होती. एरिक्सन कंपनीच्या मोबाइल विभागाचे तंत्रज्ञानप्रमुख निल्स रुडबेक यांना कमी पल्ल्याचा, कमी वीज खाणारा रेडिओ हवा होता. बिनतारी हेडसेट हे त्यामागचे पहिले स्वप्न. १९९४ पासून याप हार्टसन हे डच अभियंते आणि स्वेन मॅटिसन हे स्वीडिश अभियंते यांनी त्याला आकार दिला. उद्दिष्ट साधे होते: खिशातला फोन आणि कानावरचा हेडसेट यांच्यामधली वायर काढून टाकायची.

७/
या रेडिओसाठी निवडलेला पट्टा होता २.४ गिगाहर्ट्झचा. मायक्रोवेव्ह ओव्हन चालतो तोही याच पट्ट्यात. १९४७ च्या अटलांटिक सिटी परिषदेत तो उद्योग, विज्ञान व वैद्यक यांच्या यंत्रांसाठी राखला गेला, आणि १९८५ साली अमेरिकेने अशा पट्ट्यांत विनापरवाना दळणवळणास मुभा दिली. भारतात २००५ च्या नियमांनी या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट मिळाली. जिथे परवाना लागत नाही तिथे गर्दी होणारच. मग त्या कोलाहलात आपला आवाज ऐकू कसा जावा?

८/
उत्तर होते उड्या मारण्याचे. मूळ ब्लूटूथमध्ये हा पट्टा ७९ वाहिन्यांत विभागलेला असतो. जोडलेली दोन्ही उपकरणे सेकंदाला १,६०० वेळा, आधी ठरलेल्या क्रमाने, वाहिनी बदलतात. एखाद्या वाहिनीवर गोंगाट असला तर तेवढाच कण हरवतो. पुढच्याच क्षणी दोघेही दुसरीकडे पोचलेले असतात. दोघांना क्रम ठाऊक असतो, म्हणून चुकामूक होत नाही. जोडणी म्हणजे तांत्रिकदृष्ट्या हेच: एकाच तालावर उड्या मारण्याचा करार.

९/
इथे दुसरी दंतकथा भेटते: ‘ब्लूटूथचा शोध हेडी लामार या अभिनेत्रीने लावला.’ सत्य याहून गुंतागुंतीचे आणि अधिक रोचक आहे. लामार व संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ साली अमेरिकेत एक पेटंट मिळाले. पाणतीराला दिलेले रेडिओ संदेश शत्रूला बिघडवता येऊ नयेत म्हणून ८८ वारंवारतांवर उड्या मारण्याची, स्वयंचलित पियानोच्या छिद्रित पट्टीवर बेतलेली ती युक्ती होती. अशी कल्पना त्यापूर्वीही मांडली गेली होती आणि महायुद्धात अमेरिकी नौदलाने ही रचना वापरली नाही. लामार यांचे श्रेय खरे आहे. पण ते तत्त्वाच्या परंपरेतील एका कडीचे आहे, ब्लूटूथच्या निर्मितीचे नव्हे.

१०/
कथेला निर्णायक वळण लॅपटॉपने दिले. १९९७ साली आयबीएमच्या थिंकपॅड लॅपटॉपचे संशोधनप्रमुख अडालिओ सांचेझ यांनी रुडबेक यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला: लॅपटॉपच्या आतच मोबाइल फोन बसवता येईल का? दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांनी हिशेब मांडला. त्या काळच्या मोबाइल रेडिओला लागणारी वीज लॅपटॉपच्या बॅटरीला पेलण्यासारखी नव्हती. मग उलटा विचार झाला. फोन खिशातच राहू द्यावा. लॅपटॉपने लुंडच्या त्या छोट्या रेडिओमार्फत त्याच्याशी बोलावे.

११/
पण येथे व्यापाराचा पेच होता. लॅपटॉपच्या बाजारात थिंकपॅड अग्रस्थानी नव्हता, आणि मोबाइलच्या बाजारात एरिक्सनही नव्हती. दोघांनी आपापसांत बंदिस्त तंत्र वापरले असते, तर आयबीएमचा लॅपटॉप केवळ एरिक्सनच्या फोनशी बोलला असता. जुनी वायर जाऊन तिच्या जागी नवी अदृश्य वायर आली असती, एवढेच. म्हणून हे तंत्र खुले करण्याचा निर्णय झाला. लॅपटॉपच्या बाजूने तोशिबा, फोनच्या बाजूने नोकिया आणि चिप बनवणारी इंटेल यांना सोबत घेतले गेले.

१२/
या तहाचे मुख्य कलम लक्षात ठेवण्यासारखे आहे. ठरलेल्या मानकासाठी आवश्यक असलेली पेटंटे सदस्यांनी एकमेकांना विनामूल्य वापरू द्यायची. बाजारात एकमेकींवर कुरघोडी करणाऱ्या पाच कंपन्यांनी जोडणीपुरते शस्त्र खाली ठेवले. औदार्यापेक्षा यात शहाणा स्वार्थ अधिक होता: एकटीच्या जोरावर बाजार जिंकणे कोणालाच शक्य नव्हते. इतिहासातील कित्येक टिकाऊ तह याच जाणिवेतून झालेले दिसतात.

१३/
आता नावाकडे. प्रत्येक कंपनीची आपली स्वतंत्र योजना होती: इंटेलची ‘बिझनेस आरएफ’, एरिक्सनची ‘एमसी लिंक’, नोकियाची ‘लो पॉवर आरएफ’. सर्वांना मिळून एक तात्पुरते नाव हवे होते. टोरांटोत एका सादरीकरणात अपयश पदरी पडल्यावर इंटेलचे जिम कार्डॅक आणि एरिक्सनचे मॅटिसन यांच्या गप्पा रंगल्या, आणि विषय इतिहासाचा निघाला. मॅटिसन यांनी फ्रान्स बेंग्टसन यांच्या ‘द लाँग शिप्स’ या व्हायकिंग कादंबरीविषयी सांगितले. घरी परतल्यावर कार्डॅक यांनी ग्विन जोन्स यांचा व्हायकिंगांचा इतिहास वाचला आणि हाराल्ड त्यांच्या मनात ठसला.

१४/
विखुरलेल्यांना एकत्र आणणारा राजा, हा अर्थ कार्डॅक यांना नेमका वाटला. आपल्या सादरीकरणात त्यांनी गमतीने एक रूनशिळा रेखाटून घातली. तीवरच्या हाराल्डच्या एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात लॅपटॉप! खाली रूनांचा म्हणून दिलेला अनुवाद असा होता, की फोन आणि संगणक यांनी विनाअडथळा संवाद साधावा असे महाराजांचे मत आहे. येलिंगच्या राजाने शिळेवर आपली कीर्ती कोरली. सहस्रकानंतर अभियंत्यांनी त्याच्याच तोंडी आपला जाहीरनामा घातला.

१५/
हे नाव कायम राहावे असे ठरलेले नव्हते. अधिकृत नावासाठी ‘पॅन’ आणि ‘रेडिओवायर’ हे पर्याय पुढे होते. ‘पॅन’ हा शब्द इंटरनेटवर आधीच इतक्या ठिकाणी वापरात होता, की त्याचा व्यापारचिन्ह म्हणून उपयोग होणे अवघड होते; ‘रेडिओवायर’ची छाननी वेळेत झाली नाही. २० मे १९९८ रोजी पाच कंपन्यांच्या संघाची घोषणा झाली ती तात्पुरत्या नावानेच, आणि ते तात्पुरते नाव कायमचे झाले. चिन्ह घडवताना ‘ह’ आणि ‘ब’ या ध्वनींची दोन रून अक्षरे एकमेकांत गुंफली गेली.

१६/
१९९९ मध्ये मानकाची पहिली आवृत्ती आली, त्याच वर्षी पहिला हेडसेटही. २००१ साली एरिक्सनचा टी३९ हा फोन आणि अंगभूत ब्लूटूथ असलेला आयबीएमचा थिंकपॅड ए३० बाजारात आले. १९९७ चा प्रश्न आता सुटला होता. खिशातून न काढलेला फोन मोडेमचे काम करी आणि लॅपटॉप त्यावरून इंटरनेटला जोडला जाई. माउस-कळफलकासाठी एक नियमावली, हेडसेटसाठी दुसरी, फायलींसाठी तिसरी. या नियमावल्यांना ‘प्रोफाइल’ म्हणतात. दोन्ही उपकरणांना एकच प्रोफाइल येत असेल तरच संवाद होतो.

१७/
जोडणीबरोबर विश्वासाचा प्रश्न आला. सुरुवातीला ओळख पटवण्यासाठी गुप्त अंक टाकावे लागत. हेडसेटला कळफलकच नसल्याने त्याचे अंक कारखान्यातच ठरत, बहुधा ०००० असे. जे सर्वांना ठाऊक, ते गुप्त कसले? २००४ मध्ये ‘कॅबिर’ हा कृमी-प्रोग्राम ब्लूटूथवरून फोनमागून फोनवर पसरू पाहत होता. २००७ च्या २.१ आवृत्तीने पद्धत बदलली. आज फोन व लॅपटॉपवर तेच सहा अंक दिसतात आणि ‘जुळतात का?’ अशी विचारणा होते, ती त्या सुधारणेमुळे. न वाचता ‘हो’ दाबणे म्हणजे वेशीवरच्या पहारेकऱ्याने डोळे मिटून घेणे.

१८/
जुन्या तहांची कलमे सहजासहजी रद्द होत नाहीत. लॅपटॉपला ब्लूटूथ हेडफोन जोडून गाणे ऐकत असताना ऑनलाइन बैठक सुरू झाली, की आवाज एकाएकी डबक्यातून आल्यासारखा होतो. हेडफोन बहुधा बिघडलेला नसतो. संगीताचे प्रोफाइल आवाज एकाच दिशेने नेते. माइक सुरू होताच लॅपटॉप फोनसंभाषणासाठी आखलेल्या जुन्या प्रोफाइलवर उतरतो, आणि १९९० च्या दशकातील टेलिफोनचा अरुंद आवाज कानी येतो. अलीकडचे ‘एलई ऑडिओ’ मानक ही अडचण दूर करू पाहते. मात्र ते लॅपटॉप आणि हेडफोन या दोघांनाही यावे लागते.

१९/
हाराल्डने जोडलेले राज्य त्याच्या हयातीतच पुत्राच्या बंडाने हादरले. पाच स्पर्धकांनी केलेला तह मात्र पाव शतक उलटूनही टिकून आहे, आणि त्यात सहभागी कंपन्यांची संख्या आता हजारोंत गेली आहे. नाव विजेत्या राजाचे असले, तरी काम केले ते वाटाघाटींनी. ‘राजाने एकी केली म्हणून त्याचे नाव दिले’ या एका वाक्यात टोरांटोच्या गप्पा, विजेचा हिशेब, पेटंटांचे कलम आणि हुकलेली दोन नावे गडप होतात.

२०/
दंतकथा जुन्याच काळात जन्मतात असे नाही. हाराल्डच्या दातापर्यंत बखरकार पोचायला दीडशे वर्षे लागली. ब्लूटूथची दंतकथा त्याचे निर्माते हयात असतानाच रूढ झाली. येलिंगची शिळा असो वा इंटेलच्या सादरीकरणातली, विचारायचे प्रश्न तेच राहतात: हे कोणी लिहिले, कधी लिहिले आणि कोणासाठी? पुढच्या वेळी लॅपटॉपवर ते निळे चिन्ह दाबताना हे तीन प्रश्न आठवले, तरी पुरे.